चाकाला पाडलेलं भोक

"साहेब, नाणं तुमीच चोरलं."

सत्यशीलाच्या तोंडून हे निघालं आणि शेजारी उभ्या तिच्या बापानं, देवाजीनं, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. छप्पन साली दीक्षा घेतलेला माणूस, पण साहेबापुढे टोपी काढायची सवय अजून गेली नव्हती.

नाणं सावली तालुक्यातल्या त्यांच्या गावात, धानाला पाणी देणारी बोडी खोल करताना, सत्यशीलाच्याच फावड्याला लागलं होतं. तांब्याचं, चौकोनी, नखाएवढं. चिंचेनं घासलं तर आठ आऱ्यांचं चाक निघालं. गावानं ते विहारात बुद्धमूर्तीपुढे ठेवलं. मग चंद्रपूरच्या संग्रहालयाचे हे साहेब आले. भिंग लावून म्हणाले, मिलिंद राजाचं आहे. नागसेन भिक्खूला प्रश्न विचारून भंडावणारा तो ग्रीक राजा! गाव हरखलंच. त्याच राजाच्या नावानं तर विहारात रीत होती: वंदना झाली की एकानं प्रश्न विचारायचा, उत्तर मिळेस्तोवर कोणी उठायचं नाही.

संग्रहालयात काचेत ठेवतो, गावाचं नाव लावतो, असं साहेब म्हणाले. देवाजीनं दोन्ही हातांनी नाणं दिलं, लोकांनी तीनदा साधु म्हटलं. शाळेतल्या खुशाल गुरुजीनं पावतीचं काढलं, तर देवाजीच त्याच्यावर उखडला. दानाची पावती कोन मागते बे?

आज बापलेक ते पाहायला आले, तर काचेत नाणं नाही. म्हणून या कचेरीत. साहेब म्हणाले, कसलं नाणं? असं काही आलंच नाही. बोलता बोलता त्यांनी जीपच्या किल्ल्या टेबलावर टाकल्या.

किल्ल्यांच्या कडीत ते नाणं होतं. चाकाच्या बरोबर मधोमध भोक.

आपण काय पाहतो आहोत, हे सत्यशीलाला आधी कळेचना. गावानं ज्याच्यापुढे कपाळ टेकलं, त्यात या माणसानं बरमा घातला होता. मग ते वाक्य आपोआप तोंडातून निघालं.

साहेब हसले. म्हणे, असे बिल्ले बाजारात ढिगानं मिळतात, निघा आता.

सत्यशीला निघाली नाही. तिथंच फरशीवर मांडी घालून बसली. देवाजी तिला उठवायला वाकला आणि किल्ल्यांवर त्याची नजर गेली. तो वाकलेलाच राहिला. मग टोपी डोक्यावर घालून लेकीशेजारी बसला.

"विचार, बाई."

"साहेब, दोन हजार वर्षं मातीनं या चाकाले सांभाळलं. तुमी त्याले भोक काऊन पाडलं? उत्तर द्या. तोवर आमी उठत नाई."