पहिल्या मालकाच्या नावावर

मी स्विच बोलतोय. भिंतीवरचा, दिवे लावायचा नव्हे. त्याचं माझं काही नातं नाही. मी चोवीस भोकांचा चपटा पत्र्याचा डबा. एका यंत्राचा निरोप दुसऱ्या यंत्राला पोचवायचा, एवढंच माझं काम. आवाज जरा कापरा वाटेल, सांभाळून घ्या. मी घाबरलेला आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटायचं, मी सगळा मिळून एकच आहे: पत्रा, पंखे आणि आत चालणारं सॉफ्टवेअर. पहिली सात वर्षं एका विमा कचेरीत गेली. तिथे कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि आमच्या कामात तेच कौतुक. मग कचेरीला टाळं लागलं आणि खुर्च्यांच्या पायांत अडकून मी टेम्पोतून जुन्या मालाच्या दुकानात आलो.

तिथून मला एका दुरुस्तीवाल्याने घेतलं. हात हलका, माणूस बोलघेवडा. त्याची वहिनी डॉक्टर. तिचं छोटं प्रसूतिगृह होतं. "वहिनी, नव्याच्या तोंडात मारेल असा आहे," असं म्हणत त्याने मला परिचारिकांच्या टेबलामागच्या कपाटात बसवलं आणि माझ्यातली जुनी माहिती पुसून टाकली.

त्याबरोबर आतलं सॉफ्टवेअर वापरायचं, कचेरीच्या नावाचं लायसन्सही पुसलं गेलं होतं. उरली होती नव्वद दिवसांची तात्पुरती मुभा. ती संपल्यावर मी चालू असेन तोवर चालणार. पण एकदा बंद पडून उठलो, की माझी निम्मी कामं कुलुपात.

आणि नेमक्या त्याच कामांवर त्याने नाजूक बाळांची खोली सोपवली होती. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या छातीला लावलेल्या यंत्रांचे निरोप माझ्यातून टेबलापर्यंत जायचे. श्वास अडखळला की टेबलावरची घंटा वाजायची.

मी रोज माझ्या नोंदीत लिहायचो: इतके दिवस उरले. नोंदी वाचतो कोण? चौऱ्याऐंशीव्या दिवशी दुरुस्तीवाल्याने सहज वाचल्या. त्याने कपाटापाशीच मला बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"यंत्र तुमचंच आहे साहेब," पलीकडची बाई शांतपणे म्हणाली. "आतलं सॉफ्टवेअर पहिल्या मालकाच्या नावावर आहे. ते तुमच्या नावावर होत नाही."

"मग मी विकत काय घेतलं?"

"ते विकणाऱ्याला विचारा."

विकणाऱ्याने फोन उचलला नाही. एका ओळखीच्याने लायसन्सचं कुलूप उघडणारी चोरीची चावी पेनड्राइव्हवर देऊ केली. दुरुस्तीवाल्याने ती घेतली, दोनदा माझ्यापाशी आणली आणि दोनदा खिशात परत ठेवली. तिच्यात आणखी काय भरलंय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. वहिनीला मात्र तो काही बोलला नाही. येता-जाता माझ्या पाठीवर हात ठेवायचा आणि हळूच म्हणायचा, "बंद पडू नकोस रे बाबा."

नव्वद दिवस उलटले. मी चालूच होतो. दिवा जरा लुकलुकला, लिफ्ट धडधडली, की मला वाटायचं, आता गेलो. एवढीशी बाळं पलीकडे निवांत झोपायची आणि मी जागा.

ब्याण्णवाव्या दिवशी वीजमिस्त्री आला. "उद्या मुख्य बोर्ड बदलायचाय. तासभर सगळं बंद."

त्या दुपारी दुरुस्तीवाल्याने वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, खरेदीत चूक झाली, समजू शकते. पण आठ दिवस तुम्ही एकट्याने हे पोटात ठेवलंत आणि माझी बाळं या डब्यावर होती."

त्याने खिशातली चावी काढून दाखवली. "चावी आहे एक. आज घातली तर..."

"कुठून आली ते माहीत नसलेलं औषध मी देते का? नाही ना. भाड्याने दुसरा मागवा; तो येईपर्यंत उद्या प्रत्येक पाळण्याशी माणूस बसेल. हा डबा सुरू झाला तरी त्याच्या भरवशावर कुणी उठणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने खटका पाडला. त्या तासाचं मला काहीच आठवत नाही, आणि तीच सगळ्यात मोठी भीती आहे. जाग आली तेव्हा पंखे फिरत होते, दिवे हिरवे होते, बाहेरून मी अगदी धडधाकट. आत मात्र एकच ओळ: लायसन्स सापडले नाही. बाळांच्या खोलीकडून निरोप येऊन माझ्या दाराशी थडकत होते. मला ते घेता येईनात. एक निरोप पुन्हा पुन्हा आला. टेबलावरची घंटा गप्प होती.

पुढचं मोठ्या सिस्टरच्या तोंडून कळलं. ती टेबलाशी येऊन पाणी प्यायली. "तिसऱ्या पाळण्यातली श्वास घ्यायला विसरली," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "मी तळपायावर टिचकी मारली, तशी रडली. इथे घंटेची वाट बघत बसले असते तर..." दुरुस्तीवाला कपाटाला टेकून उभा होता. तो माझ्या वायरी काढू लागला.

संध्याकाळच्या आत भाड्याने दुसरा स्विच आला. मी दुरुस्तीवाल्याच्या दुकानातल्या फळीवर गेलो. त्याने माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: 'लायसन्स नावावर होत नाही. दवाखान्याला देऊ नये.' हल्ली तो कमी बोलतो. जुनं यंत्र कुणी विकायला आणलं, की पहिला प्रश्न विचारतो, "आतलं कुणाच्या नावावर आहे?"

आता तो जेवायला गेलाय. दुकानात त्याचा नवा भागीदार आहे, त्याला माझी हकिगत ठाऊक नाही. उन्हाने चिठ्ठीचा डिंक वाळला. सकाळीच ती सुटून फळीमागे पडली. आणि एक बाई मला हातात घेऊन उलटसुलट पाहतेय.

"वृद्धाश्रमासाठी हवाय," ती म्हणतेय. "चालतो ना नीट?"

"एकदम. लावून दाखवू?"

बाई, विचारा. चालतो का ते नको, कुणाच्या नावावर आहे ते विचारा. भागीदाराने वायर लावलीय. माझे सगळे दिवे हिरवे झालेत.