हाराखालची एल्सी

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. एकट्यादुकट्याचा नव्हे, सबंध गावाचा. माझ्यात म्हातारे आहेत, लेकुरवाळ्या आहेत, पोरेटोरे आहेत आणि एक कुत्राही आहे. एवढी माणसे पोटात असूनही मला फारसे काही वाटत नाही. फोटोने नुसते समोर बघत राहायचे असते. तरी माझी कहाणी मी तुम्हांला सांगणार आहे, कारण माझ्यामुळे एक चूक होता होता राहिली. खरे सांगायचे तर ती झालीच होती.

माझा जन्म इंग्लंडमधल्या थॉर्नवेल नावाच्या खेड्यात झाला. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. गव्हाची कापणी उरकली, की चर्चमध्ये धान्य, भोपळे आणि पेंढीच्या आकाराचा एक भलामोठा पाव नेऊन ठेवायचा, अशी त्या गावची रीत होती. त्या दिवशी बाजारच्या गावाहून फोटोवाला आला. त्याने बाप्ये मागे उभे केले, बायकांना खुर्च्या दिल्या आणि पोरांना पुढे गवतावर बसवले. मग काळ्या फडक्यात डोके खुपसून त्याने बजावले, आता कोणी हलायचे नाही. सगळे थांबले. कुत्रा तेवढा हलला, म्हणून माझ्यात त्याला दोन शेपट्या आहेत.

पुढच्या रांगेत पाय पसरून बसलेली एक मुलगी आहे. ती एल्सी. तिचा डावा मोजा घोट्यापर्यंत घसरला होता. तो वर ओढायला तिने हात पुढे केला आणि नेमकी तेव्हाच फोटोवाल्याची ताकीद आली. तिचा हात वाटेतच थांबला. तिच्या मागे खुर्चीवर तिची आई आहे आणि आईच्या मांडीवर धाकटी बहीण जोन, दुपट्यात गुंडाळलेली. बाप मागच्या रांगेत, टोपी हातात धरून. चेहरा असा, की जणू त्याच्याकडून कोणी काहीतरी हिसकावून नेणार आहे.

माझ्या प्रती घरोघर गेल्या. मी एल्सीच्या घरी चुलीवरच्या फळीवर उभा राहिलो. सुरुवातीला पाहुणे मला हातात घेऊन कोण कुठे आहे ते शोधत आणि हसत. मग सवय झाली. सवय झालेल्या फोटोकडे कोणी बघत नाही, फक्त त्याच्यावरची धूळ पुसतात. पुढे तीही पुसेनासे होतात.

एल्सी मोठी झाली, शहरातल्या इस्पितळात नर्स झाली. तिथल्या एका कारखान्यात पुण्याचा पद्माकर कानिटकर नावाचा तरुण इंजिनियर काम शिकायला आला होता. दोघांनी लग्न करायचे ठरवले. बापाने तिला दारातूनच परत पाठवले. आईने बापाच्या नजरेआड मला खाकी कागदात गुंडाळून तिच्या पेटीत सरकवले. आईला जेवढे जमले तेवढे तिने केले.

नोंदणीचे लग्न तिकडेच उरकले होते; पुण्यात ते पुन्हा लागले, विधिवत. ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचे नवे नाव लिहिले, अरुणा. तेव्हापासून ती अरुणाच झाली. सासूबाईंनी तिला पुरणपोळी शिकवली, पण तिच्या हातचा केक मात्र जन्मभर खाल्ला नाही. माहेरी पाठवलेली तिची पत्रे न उघडता परत येत. काही वर्षांनी तिने लिहिणे सोडले. माहेरची सगळी माणसे आता गेली असणार, असे तिने मनाशी धरून टाकले आणि त्याचेही तिला पुढे काही वाटेनासे झाले. पेटीत साड्यांखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात माझी कितीतरी वर्षे गेली. अधूनमधून पद्माकर मला बाहेर काढी आणि बोट ठेवून एकेकाचे नाव तिला विचारी. त्याला सगळी पाठ झाली होती. मोजा घसरलेल्या मुलीवर बोट आले, की तो नाव विचारत नसे, नुसता बायकोकडे बघे.

पद्माकर गेला आणि माझ्यातली माणसे ओळखणारे दुसरे कोणी उरले नाही. अरुणाबाईंचा मुलगा अभय सिंगापूरला हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत नोकरीला. तो आईला आपल्याकडे घेऊन आला. बिशानमधला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, सून मीनल, नात आर्या. माणसे मायेची होती, तक्रारीला जागा नव्हती. पण अरुणाबाई दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असत. साखरेच्या आजाराने त्यांचे पाय बधिर झाले होते. मोजा घसरला तरी त्यांना कळत नसे. शाळेतून आली, की आर्या तो वर ओढून देई. त्याही माझ्यासारख्या नुसत्या बघत. पायांची बधिरता हळूहळू वर चढत चालली असावी, असे मला वाटे.

त्या वर्षी सिंगापूरवर धूर दाटला होता. शेजारच्या देशातली जंगले जळत होती आणि समोरची इमारतही धड दिसत नव्हती. खिडक्या बंद, बाहेर जायचे तर तोंडावर मास्क. त्यातच पितृपंधरवडा आला. मीनल या उंच इमारतींच्या देशातही पितरांना विसरणारी नव्हती. इथे कावळा मिळणे कठीण, म्हणून घास साळुंक्यांना ठेवायचा, असे तिने कधीचेच ठरवून टाकले होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे म्हणून अभय तिला चिडवी.

सासूबाईंच्या पेटीत मीनलला मी सापडलो. ती मला बराच वेळ बघत राहिली. तिच्या मनात आले, की या माणसांचे पान कोणीच वाढत नाही. ज्यांची तिथी माहीत नसते त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असते आणि या इंग्रज माणसांची तिथी कोणाला माहीत असणार? तिने जुरोंग ईस्टच्या एका दुकानातून मला चांगली चौकट करून आणली आणि लिटल इंडियातून चंदनाचा हार आणला. मन मोठे म्हणतात ते असे. हार हातात घेऊन तिने सासूबाईंना रीतसर विचारलेही.

"आई, यातलं आता कोणी नाही ना?"

अरुणाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मोज्याकडे, अर्ध्यात थांबलेल्या त्या हाताकडे.

"नाही गं. कोणी नाही," त्या म्हणाल्या.

मीनलने मला पद्माकरच्या फोटोशेजारी लावले आणि हार घातला. मित्रांनो, आपल्याकडे हार कोणाच्या फोटोला घालतात हे तुम्हांला सांगायला नको. आणि हार घातला, की तो मधोमध खाली लोंबतो. बरोबर एल्सीच्या तोंडावर आला. अरुणाबाईंना त्याचा अर्थ कळत नव्हता असे नाही, पन्नास वर्षे त्या मराठी घरात राहिल्या होत्या. हार छान दिसतोय, एवढेच त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे पाठ करून बसल्या. मला काही वाटत नाही असे मी सुरुवातीला म्हणालो. त्या दिवशी वाटले. जिवंत माणूस माझ्यासमोर स्वतःच्या हाराखाली बसले होते आणि मला तोंड नव्हते.

पुढचा सगळा महिना हार तसाच राहिला.

मग एक रविवार आला. धुरामुळे आर्याचे मैदान बंद होते. ती जेवणाच्या टेबलावर टॅब घेऊन बसली होती. आजीकडून ऐकलेले गावाचे नाव तिने सहज घातले आणि थॉर्नवेलच्या निवृत्त मंडळींनी चालवलेले एक पान उघडले. गावातल्या घराण्यांचे इतिहास आणि जुने समूहफोटो ही माणसे तिथे गोळा करत होती. त्यांत मी होतो. माझी दुसरी प्रत, खाली रांगेवार नावे. आर्याला गंमत वाटली. ती एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. अरुणाबाई वरणभात कालवत होत्या.

"फ्रंट रो, ही एल्सी," आर्या म्हणाली. "लग्न करून इंडियात गेली आणि तिथेच डाय झाली म्हणे, सिक्स्टी-थ्री मध्ये. सो सॅड लाह," तिने सिंगापुरी पोरांच्या लकबीत जोडले.

अभयचा घास हातातच राहिला. लहानपणी आईचा जुना पासपोर्ट त्याने पाहिला होता, त्यावरचे नाव त्याला आठवत होते. माझ्यात मात्र ते नाव शोधायचे त्याला कधी सुचले नव्हते. आईचे माहेर म्हणजे कुठली तरी मेलेली माणसे, असे धरून तो लहानाचा मोठा झाला होता.

तो उठला, माझ्यापाशी आला आणि त्याने हार बोटाने वर उचलला. आर्याही मागोमाग आली. तिने घसरलेला मोजा पाहिला आणि वळून आजीच्या पायांकडे पाहिले.

"आई, एल्सी म्हणजे तू ना?" अभयने विचारले.

अरुणाबाईंनी हातातला घास संपवला. पाणी प्यायल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांनी गावात तसं सांगितलं असेल. त्यांना ते सोपं गेलं असेल."

त्या रडल्या नाहीत. रडली मीनल. जित्या सासूच्या फोटोला मी हार घातला, असे म्हणत ती हार ओढून काढू लागली, तर तो खिळ्यात अडकला. अरुणाबाईंनी तिला जवळ बसवून घेतले. तू विचारलं होतंस, मीच नाही म्हटलं, असे त्यांनी तिला दोनदा समजावले. पण का नाही म्हटले, ते त्यांनाही सांगता येईना.

तेवढ्यात आर्या पुन्हा टॅबवर वाकली. जोनच्या नावापुढे गेल्याचे काहीच लिहिलेले नव्हते. अरुणाबाईंनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतले. मग त्या म्हणाल्या, "लिही त्यांना. चूक आहे म्हणावं. एल्सी आहे."

उत्तर यायला वेळ लागला नाही. जोन त्याच गावात होती. बापाच्या तोंडून ऐकलेले तिने खरे मानले होते आणि दर वर्षी कापणीच्या सणाला ती चर्चमध्ये एल्सीच्या नावाने फुले ठेवत होती. म्हणजे पाहा, सातासमुद्रापलीकडे बहीण आणि अलीकडे सून, दोघींनी जीव लावून एकाच बाईला मारून ठेवले होते. आणि त्या बाईने आपल्या बहिणीला. बाप एकदाच खोटे बोलला होता. पुढचे सगळे न विचारल्याने झाले.

पुढच्या रविवारी जोनशी समोरासमोर बोलायचे ठरले. आर्याने टॅब माझ्याखाली मांडला, आजीची खुर्ची पुढे ओढली. अरुणाबाईंनी लग्नातली साडी नेसली होती आणि त्या ताठ बसल्या होत्या. पडद्यावर आधी त्यांचाच चेहरा दिसत होता. आर्या टॅब सरळ करत म्हणाली, "आजी, आता हलू नकोस हं."

अरुणाबाईंनी वर माझ्याकडे पाहिले. मग त्या खाली वाकल्या, चाचपडत डावा मोजा शोधला आणि दोन्ही हातांनी नीट गुडघ्यापर्यंत वर ओढला. आर्या रागावली, आजी, फ्रेममधून गेलीस ना! अरुणाबाई पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या आणि तेवढ्यात पडद्यावर पिकल्या केसांची एक बाई आली. तिने विचारले, एल्सी? या म्हणाल्या, हो, मीच.

मित्रांनो, हार आता डब्यात घालून कपाटात ठेवला आहे. कधीतरी तो लागेल, त्याला इलाज नाही. मी भिंतीवर उघड्या तोंडाने आहे आणि आर्याला माझ्यातली सगळी नावे पाठ झाली आहेत, कुत्र्याचेसुद्धा. तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा फोटो पेटीत पडला असेल. त्याला चौकट करा, धूळ पुसा, ते सगळे ठीकच. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, यातलं आता कोण आहे? आणि 'कोणी नाही' असे उत्तर आले, तर तेवढ्यावर उठू नका. त्याच्या शेजारी बसा आणि पुन्हा विचारा.