उद्याची सही

सोनाळ्याच्या समाजमंदिरात बॅनर लागला होता : 'महिला गटांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण'. गटांना कर्ज देणाऱ्या कंपनीकडून जळगाव जामोदहून अश्विनी मॅडम आल्या होत्या. अर्धा तास त्या बचतीवर बोलल्या, फोटो काढले, चहा झाला आणि हजेरीचा कागद फिरला. तिन्ही दिवसांच्या सह्या आजच करायच्या होत्या.

बायकांनी भराभर केल्या. गटाची सचिव रेणुका मात्र पेन हातात धरून बसली.

"मॅडम, उद्याची सही मी आज काऊन करू?"

"ताई, सगळीकडे असंच करतात. हजेरी पूर्ण नसेल तर पुढचं कर्ज अडकेल."

शेजारची वंदना घाबरली. तिला शिलाई मशीन घ्यायची होती. "करून टाक ना वं."

"नाही करत." रेणुकाने पिशवीतून कर्जाचा करारनामा काढून मॅडमपुढे ठेवला. "हे शिकवा. तानाबाईचा मालक गेला, तवा त्याचा इमा याच कागदात होता. आमाले कोणालेच ठाऊक नव्हतं. मुदत निघून गेली."

कोपऱ्यात बसलेल्या तानाबाईने मान खाली घातली.

मॅडमनी पहिलं पान वाचलं. दुसऱ्यावर त्या अडखळल्या.

"मलाच कुणी शिकवलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "फोनवर दोन तासांची मीटिंग झाली आणि बॅनर हातात दिला."

"मंग तुमीबी सही नका करू," रेणुका म्हणाली.

तानाबाई उठली. पेन घेऊन तिने आपल्या पुढच्या दोन सह्या खोडल्या. मग एकेक करून साऱ्यांनीच खोडल्या. वंदनाने सगळ्यात शेवटी.

तेवढ्यात कंपनीच्या साहेबांचा फोन आला. मॅडम म्हणाल्या, "सर, एकच दिवस झालाय. तीन झाले असं मी लिहिणार नाही."

दीड महिना कर्ज अडलं. वंदना रेणुकाशी बोलत नव्हती. मग एका सोमवारी मॅडम परत आल्या, सोबत बँकेतून निवृत्त झालेले नारायणराव. त्यांनी तीन दिवस करारनाम्याची ओळ न् ओळ समजावली. मॅडमही बायकांतच वही घेऊन बसल्या होत्या.

त्यानंतर तानाबाईने केलेला विम्याचा अर्ज मात्र मुदत संपली म्हणून परत आला.

"आता?" वंदनाने विचारलं.

"आता तक्रार," रेणुका म्हणाली. "आमाले सांगितलंच नाही, तं मुदत कायची?"

तक्रार तानाबाईने आधी पूर्ण वाचून घेतली. मगच सही केली.