मऊ चाकं

वन्सं आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. यजमान गेले, घर सुटलं, आणि त्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. जेवायला हाक मारली की "भूक नाही गं." देवापाशी बसा म्हटलं की "तू बस."

त्या दिवशी जप आटोपून मी चहा घेऊन गेले, तर म्हणाल्या, "इतक्या जवळ वाळवंट आहे म्हणतात. कसं दिसत असेल गं?"

मी कप खाली ठेवला. "चला, बघूनच येऊ."

"आत्ता?"

"आत्ताच." उद्यावर टाकलं असतं, तर त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या असत्या.

ह्यांचं टायरचं दुकान. ह्यांनी कपाळाला हात लावला. "ऐन उन्हाळ्यात वाळवंट? दोघींची डोकी ठिकाणावर आहेत ना?" पण मी पाण्याचे कॅन गाडीत चढवू लागले, तेव्हा मुकाट्याने दुकानात गेले आणि लांब जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला देतात तशी चारही चाकांत टणटणीत हवा भरून आले.

वस्ती मागे पडली तशी झाडं खुजी होत गेली. मग डाव्या हाताला खडकांचे कडे लागले, विटकरी, पिवळे, जांभळट. चादरींच्या घड्या रचाव्यात तसे थरावर थर. वन्संनी काच खाली केली. गरम वारा भसकन आत आला.

"काच लाव, ताई, भाजून निघशील!"

"भाजू दे."

मी मागच्या सीटवर गालातल्या गालात हसले.

वाळूच्या टेकड्या समोर दिसायला लागल्या, आणि कच्च्या वाटेवर गाडी रुतली. ह्यांनी उतरून पाहिलं नि तोंड पाडलं. "घट्ट चाक वाळूत बसणारच. मीच ठासून भरली हवा. हाताला सवय!"

"मग थोडी काढा की."

"आणि परत भरायची कशाने? पंप दुकानात राहिला. टायरवाला पंपाशिवाय निघाला, कुणाला सांगू नकोस! मऊ चाकांवर पक्क्या रस्त्याला गाडी पळवता येत नाही. वाळू उकरतो, इथूनच मागे फिरू."

"जाऊ दे," वन्सं म्हणाल्या. "माझ्यामुळे उगाच त्रास."

हा आवाज मागच्या खोलीतला होता.

"गोगलगायीसारखे जाऊ घरी," मी म्हणाले. "पण आज वर जायचंच."

"अगं, घरी पोचायला किती उशीर—"

"होऊ दे."

मी सहसा ह्यांना उलट बोलत नाही. उतरले, चाकापाशी बसले, हवेच्या तोंडाचं टोपण फिरवलं. बोटं पोळली. केसांतली पिन काढून आत दाबायला गेले, पण जमेना. तेवढ्यात अंगावर सावली पडली. वन्सं उतरल्या होत्या. बाह्या वर सारून त्यांनी वाळूत फतकल मारली.

"दे इकडे. शिलाईयंत्रात तुटलेल्या सुया काढण्यात जन्म गेला माझा."

फुस्स!

"बेताने, ताई! सगळी काढशील!" हे धावत दुसऱ्या चाकाशी गेले आणि बसले.

गाडी हेलकावे खात, रडतखडत निघाली ती माथ्याच्या थोडी अलीकडे थांबली. पुढे आम्ही चाललो. वर पोचलो तर नजर पोचेल तिथवर वाळूच्या लाटा, उतरत्या उन्हात अर्ध्या केशरी, अर्ध्या सावलीत, आणि धारेधारेवरून वारा वाळू धुरासारखी उडवत होता. मी हात जोडले.

"झालं बघून?" ह्यांनी विचारलं. "निघायचं?"

"तू बस जा गाडीत," वन्सं म्हणाल्या. "मी ती पलीकडची टेकडी बघून येते."

आणि आमची वाट न बघता उतरायलाही लागल्या.