रिकाम्या टँकरचा हॉर्न

मित्रांनो, मी दुधाचा टँकर म्हणून जन्माला आलो आणि पाण्याचा टँकर म्हणून म्हातारा झालो. शिरूर कासारजवळच्या एका सहकारी दूध संस्थेने मला आणलं, तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता. पुढे दुष्काळ पडला, गुरं छावणीत गेली, दूध आटलं. मग संस्थेने माझ्यात पाणी भरलं. माझा हॉर्न वाजला की आजारी माणूससुद्धा घागर घेऊन धावत सुटायचा. नवरदेवाचं होत नाही इतकं माझं स्वागत व्हायचं!

मला एकच दुखणं होतं. माझी मागची तोटी गळायची. ड्रायव्हर बंकट संस्थेत सांगून थकला. "बघू की उद्या," असं उत्तर मिळायचं. तो उद्या काही उजाडला नाही.

फाल्गुन सरत आला होता. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीतली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेली होती. मागे राहिली होती म्हातारी माणसं आणि लहान पोरं. जाताना सात घरांच्या किल्ल्या लोकांनी वस्तीतल्या म्हाताऱ्या सुंदरबाईकडे दिल्या होत्या. ती त्या कमरेला बांधूनच वावरायची.

त्या दुपारी कोणीतरी बांधावरचं वाळलं गवत पेटवलं. वारा फिरला आणि जाळ वस्तीकडे उतरू लागला. दुसरीकडे पाणी वाटून परतताना आम्ही नेमके तिथे पोचलो. बंकटने घाईने तोटी फिरवली. टिपूस नाही! अडीअडचणीसाठी तो तळाशी पाणी राखायचा, ते सगळं वाटेत गळून गेलं होतं. हे फक्त आम्हा दोघांनाच कळलं. बंब तर बीडहून यायचा. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशे, चल लवकर! लई मोठा जाळ हाय!" बंकट ओरडला.

सुंदरबाई आपल्या दोन नातवंडांना घेऊन उंबऱ्यात बसून राहिली. "मी न्हाई यायची. सात घरं माझ्या भरवशावर हायत. लोकान्ला काय सांगू?"

तिचं बघून बाकीची म्हातारी माणसंही हलेनात. पोरं धुराने खोकू लागली. माझ्या पत्र्याला झळ लागत होती. आता ही माणसं माझ्यासमोर जळणार, असं मला वाटलं.

बंकट एकाएकी गाडीत चढला. त्याने मला सुसाट वस्तीजवळच्या कोरड्या तलावात नेलं. तिथे गवताची काडी नव्हती. मग त्याने हॉर्न दाबला, तो सोडलाच नाही.

काय सांगू! पाणीवाटप सुरू झालं असं वाटून हंडे, घागरी, कळशा घेऊन सगळी वस्ती धावत आली. सुंदरबाईसुद्धा नातवंडांना ओढत पहिला नंबर धरायला आली. तिने तोटी फिरवली. कोरडी.

"मेल्या बंकट, म्हाताऱ्या माणसाला फसवतूस व्हय?"

बंकटने नुसतं मागे बोट दाखवलं. तिचं छप्पर पेटलं होतं. तिने नातवंडांना पोटाशी धरलं.

माणसं सगळी वाचली. चार घरं मात्र गेली, त्यातली तीन किल्लीवाली.

आज मी संस्थेच्या मागे गंजत उभा आहे. टँकरने वस्ती वाचवली, असं लोक म्हणतात. ती स्तुती मला टोचते. तोटीतला एक रबरी वायसर वेळेवर बदलला असता, तर पहिला जाळ तिथेच विझला असता. मित्रांनो, काडी ओढण्याआधी वारा बघा, आणि गळकी तोटी आजच दुरुस्त करा. हॉर्नची ती युक्ती पुन्हा चालायची नाही. आता नव्या टँकरचा हॉर्न वाजला तरी सुंदरबाई धावत नाही. ती सावकाश येते, आधी त्याच्या पोटावर किल्लीने टकटक करून बघते आणि मगच घागर पुढे करते.