खंडेनवमीची केरसुणी

दसऱ्याच्या भेटी निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते मी पुण्याचा म्हणून. पुण्याची माणसं एका वस्तूसाठी दहा दुकानं पालथी घालतात आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत येतात, असं आमच्या मोठ्या साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नाही. मी विद्याधर सोहोनी, बेंगळूरला हेब्बाळच्या बाजूला एका सरकारी संशोधन संस्थेत हेडक्लार्क होतो. गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्नची. तिथं येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि आपण चांगले सुधारलेले गृहस्थ आहोत, असा माझा पक्का समज होता.

आपल्या खंडेनवमीला तिकडे आयुधपूजा म्हणतात, आणि ती घरापेक्षा कचेऱ्यांत आणि कारखान्यांत जोरात होते. आमच्याकडे खालच्या दालनात लेथपासून टाइपरायटरपर्यंत सगळी आयुधं धुऊनपुसून ओळीनं मांडायची, त्यांना हळदकुंकू आणि शेवंतीच्या माळा. मल्लेश्वरमहून शास्त्री यायचे. आरती झाली की पायरीवर कोहळा फोडायचा, कुंकवानं लाल केलेला. मग चुरमुरे, फुटाणे आणि केळी वाटायची. एक नेम मात्र कडक होता. पूजेला बसलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. साहेबांना तातडीचं पत्र पाठवायचं असलं तरी टाइपरायटर उघडत नसे. वर्षभर राबलं, एक दिवस विसावा.

त्याच दिवशी शिपाई, पहारेकरी आणि झाडूवाली अशा तिघांना सगळ्यांच्या वतीनं भेट द्यायची पद्धत होती. वर्षानुवर्षं तेच चालत आलेलं: पुरुषांना पंचा, बाईला साडी आणि लाडवांचा पुडा. मी म्हटलं, हा काय गाढवपणा आहे? ज्याला द्यायचं त्याला एकदा विचारून तर बघा. ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती साहेबांना, दोन इंजिनिअरांना आणि घरी बायकोला सांगून मोकळा झालो.

शिपाई जयसिंगराव हे तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे उतरलेल्या घराण्यातले. मिशा अजून फौजेतल्याच होत्या. पूजेची सगळी मांडामांड तेच करायचे. त्यांनी जाड वेताच्या मुठीची छत्री मागितली. पहारेकरी विठोजीनं कांबळं मागितलं. दोन्ही मागण्या मी ऐटीत कागदावर टिपून घेतल्या आणि मथुराबाईकडे गेलो.

मथुराबाई इथल्याच जुन्या मराठी वस्तीतली. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. वीस वर्षं त्या इमारतीतला केर काढत होती. तिची जात मी कधी विचारली नाही. न विचारता आम्हाला बरोबर कळते, आणि कळली की कुणी कुठं उभं राहायचं तेही आपोआप ठरतं. आयुधपूजेच्या दिवशी पहाटे येऊन ती सगळं दालन लख्ख करायची आणि पूजा सुरू झाली की बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहायची.

काय हवं, असं विचारल्यावर तिनं केरसुणी भिंतीशी टेकवली आणि पदर सावरला. मला वाटलं, दागिना मागते की काय.

"माझी पोरके ठेवाल का पूजेला, सर?" ती म्हणाली. पोरके म्हणजे केरसुणी. "स्वल्प बाजूला चालेल. शेवटाला."

मी म्हटलं, दिवाळीत घरी करतच असाल की तिची पूजा.

"घरची वेगळी, सर. ही इथं राबते. हिनं माझ्या दोन लेकींची लग्नं केली. एक दिवस तिला पण बसू दे."

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, त्यात स्वतःविषयीचं कौतुकही पुष्कळ होतं. मी नसतो तर या बाईला हे कुणी विचारलं असतं? मी तिला तिथल्या तिथं शब्द दिला. कागदावरही लिहिलं: मथुराबाई, केरसुणी, पूजेत. जयसिंगरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तुम्ही ठेव म्हटलात तर ठेवतो, सर. पण मग मध्ये हलवायची नाही." मी म्हटलं, हलवतो कोण?

पूजेच्या दिवशी मथुराबाई हिरव्या धुवट लुगड्यात आली. अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा होता. केरसुणी तिनं नवी आणली नव्हती, रोजचीच होती, पण धुऊन, वाळवून, नव्या सुतळीनं आवळून बांधलेली. जयसिंगरावांनी ती ओळीच्या टोकाला, माझ्या टाइपरायटरशेजारी उभी केली, तिला हळदकुंकू लावलं आणि शेवंतीची छोटी माळ घातली. मथुराबाई नेहमीप्रमाणे व्हरांड्यात गेली, पण दारातून ते टोक दिसेल अशा बेतानं उभी राहिली.

तेवढ्यात साहेबांबरोबर दिल्लीचे पाहुणे आले. आमच्या नव्या प्रयोगशाळेची मंजुरी त्यांच्या हातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाठोपाठ शास्त्रीबुवा आले, सोवळ्यात. पाहुणे लेथपासून एकेक यंत्र बघत, विचारपूस करत ओळीनं पुढं सरकू लागले. मी टोकाला उभा होतो. मला एकदम ती केरसुणी दिसू लागली. तिचं झिजलेलं टोक दिसलं, शेजारी माझा टाइपरायटर दिसला. शास्त्रीबुवा काय म्हणतील? पाहुणे हसले तर? ही कुणाची कल्पना, असं साहेबांनी विचारलं तर? पाहुणे चार यंत्रं लांब होते. मी वाकलो, केरसुणी उचलली आणि दाराआड उभी करून ठेवली. माळ निसटून खाली पडली, ती पायानंच भिंतीकडे सारली.

कोण काय म्हणालं असतं, ते मला आजही माहीत नाही. कदाचित कुणीच काही म्हणालं नसतं. मी कुणाला तोंड उघडायची वेळच येऊ दिली नाही. पाहुणे टाइपरायटरपाशी आले, छान मांडणी आहे म्हणाले, आणि मी हात जोडून मान लववली.

दार उघडंच होतं. मथुराबाईनं सगळं पाहिलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, पण तिनं पाहिलं हे मला कळलं. जयसिंगराव आरतीचं तबक घेऊन उभे होते, तेही माझ्याकडे बघेनात.

आरती झाली. जयसिंगरावांनी पायरीवर कोहळा आपटला. तो नेहमीपेक्षा जोरात फुटला आणि लाल फोडी पार अंगणभर उडाल्या. पाहुण्यांची गाडी त्याच पायरीशी लागायची होती. साहेब सहज म्हणाले, "हे स्वल्प साफ करून घ्या." वाक्य हवेत होतं, कुणा एकाला म्हटलेलं नव्हतं, पण ते कुणासाठी आहे हे सगळ्यांना समजलं.

मथुराबाई आत आली. दाराआडची केरसुणी तिनं घेतली. तिच्यावरचं हळदकुंकू तसंच होतं. पदराचं टोक ओलं करून तिनं ते सावकाश, एकही ठिपका राहू न देता पुसून काढलं. मग ती पायरीवर बसली आणि झाडू लागली. त्या दिवशी त्या इमारतीत लेथ बंद होता, टाइपरायटर बंद होता, साहेबांची लेखणीसुद्धा तबकात पडून होती. फक्त मथुराबाईची केरसुणी चालू होती.

दुसऱ्या दिवशी मी चिकपेटेच्या कापडबाजारात गेलो. दहा नाही, चौदा दुकानं फिरलो. रेशीमकाठी, डाळिंबी रंगाची साडी घेतली, माझ्या स्वतःच्या खिशातून. मथुराबाईला ती दोन्ही हातांनी दिली. काहीतरी बोलायचं मनात घोळवून गेलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं की कामाच्या गडबडीत जरा राहून गेलं. तिनं साडी घेतली, कपाळाला लावली. "सरी, सर," म्हणजे बरं, सर, एवढंच म्हणाली आणि गेली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला हेमलतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, रीतीप्रमाणे नवी केरसुणी आणली, चौरंगाशेजारी उभी केली आणि कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. आमच्या घरी हे माझ्या आजोबांपासून घरचा कर्ता पुरुष करतो. मी करंडा घेतला आणि बसून राहिलो. ती विचारू लागली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. कल्पना तिला आधीच सांगून झाली होती, पुढचं तेवढं राहिलं होतं. माझं संपल्यावर तिनं माझ्या हातातून करंडा काढून घेतला आणि केरसुणीला कुंकू स्वतःच लावलं. त्यानंतर आमच्या घरी ते तीच करू लागली.

ते वर्षभर मी मथुराबाईशी नीट बोलू शकलो नाही. ती मात्र पूर्वीसारखीच होती. माझं टेबल पुसायची, सुरईत पाणी भरायची. लाज अशी की माणूस समोर असताना जाईना आणि गेल्यावर दुप्पट होई. दसऱ्याआधी पंधरा दिवस मी ठरवलंच, यंदा शब्द पाळायचा. शास्त्रीबुवा उठून गेले तरी बेहत्तर.

ती जिन्याच्या खालच्या पायरीवर होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "मथुराबाई, यंदा केरसुणी मी माझ्या हातानं ठेवणार. कोण काय म्हणतं ते मी बघतो. मागच्या वर्षी माझं चुकलं."

तिनं हातातलं काम थांबवलं. माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या नजरेत माझ्याविषयी जरा दयाच असावी, असं मला वाटलं.

"नको, सर. यंदा साडीच द्या."

मी विचारलं, का? मनात अजून राग आहे का?

"राग नाही," ती म्हणाली. "पण मागितलं की वाट बघावी लागते, सर. मागच्या खेपेला पंधरा दिवस बघितली. रोज धुवायची, वाळवायची. आता वय झालं."

आणि तिनं पुन्हा पायरी झाडायला घेतली. मी बाजूला झालो. त्या दुपारी चिकपेटेत गेलो, पहिल्याच दुकानात शिरलो आणि दुकानदारानं पहिली जी साडी पुढं केली, ती बांधून घेतली.