पेडलवरचा पाय

पोपटच्या जलदानविधीला आलेली माणसं आपापल्या गावी नीट पोचलीही नसतील, तोच त्याचा धाकटा भाऊ सावळेराम गाळ्यावर हक्क सांगायला लागला. ओतूरच्या एसटी स्टँडसमोरचा हा गाळा म्हणजे पोपटचं फोटोफ्रेमचं दुकान. घाटघरपासून येडगावपर्यंतची लग्नं, बारशी आणि गेलेली माणसं त्यानं इथंच काचेखाली बसवली होती. सावळेरामचं म्हणणं सरळ होतं. पोरगी आज ना उद्या दुसऱ्याच्या घरची, तेव्हा गाळा पुतण्याचा. आपल्या रुपेशला तिथं मोबाइलचं दुकान टाकून द्यायचं, हे त्यानं मनात पक्कं केलं होतं.

पोपटच्या मुलीचं, स्नेहाचं, म्हणणंही तितकंच सरळ होतं. भोसरीच्या फ्रेमच्या कारखान्यात ती कित्येक वर्षं जॉइंट मशीनवर उभी राहिली होती. हे काम तिला येत होतं, आणि दुसरं कुठलं काम तिला करायचं नव्हतं. गाळा ग्रामपंचायतीचा. बंद राहिला तर जाणार, चालू दिसला तर पोपटच्या वारसाच्या नावावर चढणार. म्हणून तिनं कारखान्यातलं एक जुनं मशीन टेंपोत घालून आणलं आणि मार्चातल्या एका मंगळवारी एकटीनंच बसवायला घेतलं. आई, बायडाबाई, घरीच होती. पोपट गेल्यापासून ती गाळ्याची पायरी चढली नव्हती.

मशीन कंबरेएवढं, लोखंडी. वर टेबल आणि टेबलाच्या मधोमध एक फट. तिरप्या कापलेल्या दोन पट्ट्यांची तोंडं त्या फटीवर जुळवून धरायची. पायाखालचं पेडल अर्धं दाबलं की वरून दट्ट्या उतरतो आणि पट्ट्या आवळून धरतो. पूर्ण दाबलं की खालून पत्र्याची धारदार पिन लाकडात घुसते आणि कोपरा जुळतो. अर्ध्या आणि पूर्णच्या मध्ये पाय कसा तोलायचा, हे शिकण्यातच नव्या माणसाचा महिना जातो.

स्नेहानं जमिनीत भोकं पाडून बोल्ट आवळले, टेबलावर पाणसळ ठेवून पातळी पाहिली, कॉम्प्रेसरची नळी जोडली. पहिला कोपरा फुटला. हवा जास्त झाली होती. तिनं हवा कमी केली. दुसरा कोपरा बसला. तिचे वडील, आबा, बघायचे तसं तिनं सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठं अडलं नाही. एवढं झालं आणि ती तशीच उभी राहिली, पट्टी छातीशी धरून.

"झालं का खेळून?"

दारात सावळेराम उभा होता, हातात पहार घेऊन. त्याच्यामागं रुपेश. बाहेर एक टेंपो मागं घेऊन लावला होता.

"या नाना. चहा सांगते."

"चा प्याया न्हाई आलो. हे धूड उचल हितनं."

"बोल्ट मारलेत. आता उचलत नाही."

"मंग ही पहार काय दात कोरायला आनलीय व्हय?"

तो हसला आणि हसता हसताच त्यानं पहार भिंतीशी टेकवलेल्या काचांवर घातली. सगळी चळत खळ्ळकन खाली आली. एक कपची उडून स्नेहाच्या भुवईत घुसली. ती पुढं धावली तेव्हा त्यानं उलट्या हातानं अशी ठेवून दिली, की ती कॉम्प्रेसरवर जाऊन आदळली. तोंडात रक्ताची चव आली.

"सावळेरामभाऊ, पोरगी हाय ती!" समोरचा चहावाला कुशाबा दारातून ओरडला.

"तू तुजा चा उकळ, कुशाबा. घरातलं हाय हे."

रुपेशनं काचा तुडवत येऊन मशीनला मिठी मारली. "ताई, बाजूला व्हय ना राव. कशाला मार खाती?"

"सोड ते, रुप्या."

"न्हाई सोडत."

त्यानं टेबल दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. एक बोल्ट चिरकला. स्नेहा उठली, मशीनला धरून उभी राहिली आणि तिला दिसलं, की रुपेशचा डावा पंजा बरोबर फटीवर आहे. तिनं विचार केला नाही असं म्हणता येणार नाही. विचार केला आणि मग पाय टाकला. अर्धा.

दट्ट्या उतरला. रुपेश असा किंचाळला, की स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. पंजा टेबलावर आवळला गेला होता. त्यानं ओढून पाहिलं. चामडी ताणली, हात सुटेना.

सावळेरामनं पहार टाकली आणि स्नेहाची वेणी मुठीत धरली.

"केस ओढू नका, नाना." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आत्ता नुसता दाबलाय. मला हिसका बसला तर पिन सुटेल. तुम्ही दोघं बाहेर जाणार असलात तर मी पाय उचलते."

"ताई, मी जातो गं! आईशप्पथ जातो!" रुपेश रडत म्हणाला. "नाना, सोडा तिला!"

सावळेरामनं खरोखरच वेणी सोडली. तिच्या पायाकडं बघितलं, पोराच्या हाताकडं बघितलं. दाराशी आता दहा-बारा माणसं जमली होती. त्यांच्याकडं वळून तो मोठ्यानं म्हणाला, "बगा रं बगा! पोराचा हात मशिनीत घातला हिनं!" आणि मग खालच्या आवाजात, तिच्या कानाशी, "दाब. दाब की. एक पिन गेली तर पोरगं मरत न्हाई. तू जाशील आत, आन गाळा ऱ्हाईल आमाला."

रुपेशनं ते ऐकलं. त्याचं रडणं थांबलं.

"नाना?"

स्नेहानं पेडलवरच्या आपल्या पायाकडं बघितलं. ती तो उचलणारच होती. पुढं कुणी काहीही म्हटलं तरी एवढं तिला ठाऊक होतं, त्या क्षणी ती तो उचलणारच होती. तेवढ्यात सावळेरामची जाड चप्पल तिच्या पावलावर पडली, अंगाच्या सगळ्या भारासकट.

ठक्.

आवाज लाकडात होतो तसा झाला नाही. ओला झाला. सावळेरामनं पाय मागं घेतला, पेडल वर आलं, दट्ट्या सुटला आणि रुपेशनं हात वर केला. पिन पंज्यातच राहिली होती. मनगटावरून रक्त कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं ते बघितलं, बापाची चप्पल बघितली आणि उजव्या हातानं फळीवरची हातोडी उचलली.

पहिल्या घावात सावळेरामच्या खांद्याचं हाड मोडलं, ते सगळ्यांनी ऐकलं. दुसरा घाव जबड्यावर बसला. तिसऱ्यासाठी हात वर गेला, तेव्हा स्नेहानं मागून त्याला कवळ घातली, कुशाबानं हातोडी हिसकली आणि सावळेराम काचांत बसल्यासारखा कोसळला.

बापाला टेंपोत घातलं. लेकानं त्यात चढायला नकार दिला. त्याला स्नेहानं वडापच्या जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं. ओढणी त्याच्या पंज्याभोवती घट्ट आवळून ती बसली होती. तिच्या भुवईतलं रक्त गालावर वाळलं होतं.

"ताई, नाना मदी पडलाच नसता तर दाबलं असतंस का?"

"पाय उचलत होते मी."

"आन आदी? आदी ठेवला तवा?"

"तेव्हा दाबला असता," ती म्हणाली.

रुपेशनं मान हलवली. हात मात्र काढून घेतला नाही. रक्त थांबलं नव्हतं.

डॉक्टरांनी चिमट्यानं पिन काढून ट्रेमध्ये टाकली. हवालदार आला, त्यानं खुर्ची ओढली आणि विचारलं, पाय कुणाचा होता? रुपेशनं खाटेवरूनच स्नेहाकडं मान केली.

"आदी हिचा," तो म्हणाला. "नुसता धरायला. दाबला बापानं. मी सोता बगितलंय. कुशाबाला इचारा."

हवालदार लिहून घेऊन गेल्यावर त्यानं कूस भिंतीकडं वळवली.

"गाळा तुजा. मी कुणालाबी आडवं येऊ देनार न्हाई. नानालाबी न्हाई."

"रुपेश..."

"पन मला बोलवू नको तिथं. माज्या आईला मातर हितं बोलावून घे. ती आली की जा तू."

त्याच्या आईला फोन लावून स्नेहा खाटेच्या कडेला बसून राहिली. त्यानं पाठ फिरवलेलीच ठेवली होती. त्याची आई आल्यावर ती उठली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागली. गाळा उघडाच राहिला होता.